एक्केचाळिसाव्या मिनिटाची रेघ

४ नोव्हेंबर

ताई,

सप्रेम नमस्कार. पत्र बघून दचकू नका, घरी सगळे बरे आहेत.

मायना काय लिहावा या विचारातच माझा चहा गार झाला. समोरासमोर आपण 'अहो'वर भागवतो, आणि फोनवर मी 'देते हं त्यांना' यापलीकडे जात नाही. नवऱ्याच्या पहिल्या बायकोला दुसरीने काय म्हणायचं, हे कुणी शिकवत नाही. म्हणून ताई लिहिलं. आवडलं नाही तर सांगा, राग मानणार नाही.

टिटवीचा वरचा दात अखेर पडला. शाळेचे बूट अंगठ्याला लागत होते म्हणून एक नंबर मोठे आणले. गणितात वीसपैकी अठरा. तुम्ही पुलाच्या कामावर गेलात आणि ती आमच्याकडे राहायला आली, त्याला पाच महिने झाले. तेवढ्यात दोन बोटं उंची वाढली. दाराच्या चौकटीवर खूण केली आहे, तुम्ही याल तेव्हा दाखवीन.

रविवारी ती फोनवर आली नाही. यांनी तुम्हाला अभ्यासाचं कारण सांगितलं, पण तसं नव्हतं, तिचा घसा बसला होता. आता बरी आहे.

आणखी एक. तुम्ही तिच्या सामानाबरोबर पाठवलेला डिस्कचा प्लेअर बिघडला आहे. ट्रे बाहेरच येत नाही. यांना सांगून उपयोग नाही हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. दिवसभर लोकांच्या लिफ्ट वर-खाली करतात, आणि घरी आले की पाना हातात न धरण्याचं व्रत घेतल्यासारखे बसतात. म्हणून आम्ही स्ट्रीमिंग घेतलं. हजारो कार्टून आहेत. पुसायला नको, घासायला नको, बोट लावलं की सुरू. टिटवीला जे हवं ते मिळतं.

तरी खरं सांगू, मला त्याची सवय होत नाही. एक संपलं की दहा सेकंदांत दुसरं आपोआप चालू होतं. डिस्क संपली की चित्र थांबायचं, यंत्र जरा घरघरायचं आणि टिटवी उठून ती खोक्यात ठेवायची. तुमच्या अक्षरातली ती नावं, ते अनुक्रमांक. बघणं संपलं असं तेव्हा कळायचं तरी. आता काही संपतच नाही.

एक सहज विचारते. त्या खोक्यातली पाणमांजरांची फिल्म एक्केचाळिसाव्या मिनिटाला अडकते. चित्राचे चौकोन चौकोन होतात, मग टिटवी ती काढते, फ्लॅनेलने पुसते, पुन्हा घालते, पुढचं बटण दाबते, आणि हे चाललेलं असताना मधला भाग स्वतः सांगते. आई पाणमांजर नदीच्या वरच्या अंगाला नवीन घर खणायला गेली आहे, म्हणून ती यापुढे चित्रात दिसत नाही, पण रोज संध्याकाळी पिल्लाला भेटते. एवढं झालं की पुढची फिल्म चालू. मला आता पाठ झालं आहे. तुम्ही गेल्यापासून ती तुमच्याबद्दलही तसंच सांगायची: आई वरच्या अंगाला काम करतेय.

ती डिस्क किती वर्षांपासून अशी आहे? सहज विचारलं.

तब्येतीला जपा. उंचावर काम करता, पाय नीट टाका.

तुमची,
टिटवीची मावशी



११ नोव्हेंबर

तुम्हाला,

मी काय म्हणावं मला अजून सुचलेलं नाही, पण 'ताई' चालेल. पत्र सामानाच्या गाडीतून काल आलं. मला असं पत्र बऱ्याच वर्षांत कुणी लिहिलं नव्हतं. बुटांचं आणि दाताचं तीन वेळा वाचलं. फोनवर तिचे वडील 'मजेत आहे' म्हणतात. त्यातून मजा कशी दिसते ते कळत नाही.

आधी प्लेअरचं. ट्रे अडकत असेल तर आतला रबरी पट्टा सैल झाला असणार. वरचे चार स्क्रू काढा, डाव्या हाताला छोटं चाक दिसेल, त्यावरचा पट्टा काढून गरम पाण्यात दोन मिनिटं ठेवा. आकसतो, वर्षभर चालतो. तुम्ही चष्म्याच्या भिंगांचं काम करता, तुमचा हात स्थिर असणार. तिच्या वडिलांकडे देऊ नका.

इथे दुसऱ्या खांबाचं काम चालू आहे. मोजणी माझ्याकडे आहे. सकाळी वारा असतो, दुर्बीण हलते, म्हणून सगळी मापं दोनदा घ्यावी लागतात. माणसं चांगली आहेत. आमचा मुकादम मला 'मॅडम' म्हणतो आणि माझ्या पाठीमागे 'फूटपट्टी'.

आता डिस्कचं. तुम्ही सहज विचारलंत, मी सहज उत्तर देऊ शकत नाही. पण तुम्ही माझ्या मुलीला रोज जेवू घालता, तुमच्याशी खोटं बोलणं बरं नाही.

ती रेघ मी ओढली आहे.

टिटवी चार वर्षांची होती. आमचे घटस्फोटाचे कागद झाले त्या आठवड्यात ती फिल्म आणली. कुठलीही डिस्क तिला दाखवण्याआधी मी एकटी बघायची. मध्यावर आई पाणमांजर पिल्लाला नदीच्या वळणावर सोडते आणि निघून जाते, पुन्हा येत नाही. पिल्लू मोठं होतं, एकटं मासे पकडायला शिकतं, फिल्म चांगलीच आहे. निसर्गात असंच होतं. पण त्या आठवड्यात मला ती चार मिनिटं तिच्यासमोर चालवणं जमेना. तिचे बाबा नुकते घरातून गेले होते आणि ती रोज विचारायची, तू पण जाणार का.

डिस्क आतून बाहेर वाचली जाते. कितवं मिनिट केंद्रापासून किती अंतरावर येईल हे हिशोबाने काढता येतं. काढलं, कंपासपेटीतलं कर्कटक घेतलं आणि तेवढ्याच पट्ट्यात गोलाईत ओरखडा काढला. पहिल्या खेपेला बरोबर बसलं. मग अडकलं की मी गोष्ट सांगायची. वरच्या अंगाचं घर मी भाजी चिरता चिरता बनवलं.

हे कुणालाच माहीत नाही, तिच्या वडिलांनासुद्धा. ही नोकरी घेतानाही मी तिला तेच सांगितलं, की आई वरच्या अंगाला काम करणार, दिसणार नाही एवढंच. तिने लगेच मान हलवली. रडली नाही. मला तेव्हा बरं वाटलं होतं.

म्हणून एक विनंती. स्ट्रीमिंगवर तिला काहीही बघू द्या, पण ही फिल्म लावू नका. तिथे ती अखंड असणार. मी आले की तिला मीच सांगेन. अजून लहान आहे.

घसा बरा झाला हे वाचून बरं वाटलं. येत्या रविवारी मी कचेरीत चारला पोचते, तेव्हा तिला फोनजवळ बसवा.

तुम्ही लिहिलंत हे बरं केलंत.

टिटवीची आई



२५ नोव्हेंबर

ताई,

तुमचं पत्र एकोणीस तारखेला मिळालं. सहा दिवस ते चष्म्याच्या रिकाम्या घरात घडी करून पर्समध्ये घेऊन हिंडते आहे. दुकानात जाते, घरी येते, कपडे वाळत घालते, मधेच हात पुसून पुन्हा काढते. 'तुमच्याशी खोटं बोलणं बरं नाही' या वाक्याशी आले की घडी घालून ठेवते.

तुम्ही सांगितलेल्या रबरी पट्ट्याची गरज नव्हती. प्लेअर बिघडलेला नाही. मीच त्याची वायर काढून तो कपाटावर टाकला होता.

सगळं लिहिते. मधे थांबले तर परत सुरू करायला जमणार नाही, म्हणून आज एका बैठकीत.

सप्टेंबरमध्ये टिटवीला ताप आला होता, आठवत असेल. तीन दिवस मी रजा काढून तिच्या उशाशी होते. मला त्याचं कौतुक नको, कुणीही केलं असतं. चौथ्या दिवशी ती उठून बसली आणि पाणमांजरं लाव म्हणाली. एक्केचाळिसाव्या मिनिटाला अडकलं. तिला उठवायचं नाही म्हणून मीच डिस्क पुसली आणि पुसता पुसता गोष्ट सांगायला लागले, आई वरच्या अंगाला घर खणायला गेली. टिटवीने माझ्या तोंडावर हात ठेवला. तिचा हात अजून कोमट होता. म्हणाली, "मावशी, तू नको. ते आईचं आहे."

एवढंच. लहान मुलीचं बोलणं. माझ्या मनात ते काट्यासारखं राहिलं. त्यानंतर ते यंत्र घरघरलं की मला वाटायचं तुम्ही बैठकीच्या खोलीत येऊन बसल्या आहात. खोक्यावर तुमचं अक्षर, फ्लॅनेलचा तुकडा तुमचा, गोष्टही तुमचीच. मला माझ्याच घरात पाहुणीसारखं वाटायला लागलं.

आणि ती रेघ मला कधीच दिसली होती. दिवसभर भिंगांवरचे ओरखडे बघायचंच काम माझं. वापराने पडलेली रेघ कशी असते आणि हाताने काढलेली कशी असते, मला डोळे मिटून सांगता येईल. म्हणजे 'सहज विचारते' हेही खोटं होतं.

स्ट्रीमिंग घेतलं ते यांच्या मागे लागून मीच घेतलं. पहिल्याच बुधवारी, माझ्या सुट्टीच्या दिवशी, टिटवी शाळेत असताना मी ती फिल्म लावली आणि पुढे ढकलत एक्केचाळिसाव्या मिनिटावर आणली. आई पिल्लाला वळणावर सोडून पोहत पुढे निघते, तिथपर्यंत बघितलं आणि बंद केलं. पुढचं बघावंसं वाटलं नाही. मला हवं ते मिळालं होतं.

आता कळलं ना, ताई. मला माहीत होतं. माहीत असून मी ती एक नोव्हेंबरला, शनिवारी संध्याकाळी तिला लावून दिली. म्हटलं, प्लेअर बिघडलाय, पण बघ, तुझी फिल्म इथेही आहे.

टिटवी खूश होती. "इथे रंग जास्त निळे आहेत," म्हणाली. चाळीस मिनिटं होत आली तशी ती सवयीने फ्लॅनेलचा तुकडा घेऊन उठली आणि टीव्हीजवळ जाऊन उभी राहिली. चित्र अडकलंच नाही. ती तशीच तुकडा धरून उभी. वळण आलं. आई पुढे गेली. पिल्लू मागून ओरडायला लागलं. टिटवीने भिंतीवरचं बटण बंद केलं.

"ही आपली फिल्म नाहीये," म्हणाली.

मी म्हटलं, "तीच आहे. डिस्कवर तेवढं दिसत नव्हतं."

हे वाक्य मला गिळता आलं असतं. नाही गिळलं.

तिने फ्लॅनेलची घडी घालून खोक्यात ठेवली आणि हात धुवायला गेली. दुसऱ्या दिवशी तुमचा फोन वाजला तेव्हा ती जिन्यात जाऊन बसली. घसा वगैरे काही बसला नव्हता. यांनी अभ्यास सांगितला, मी घसा सांगितला. दोघांनी मिळून एक कारण तरी ठरवायचं होतं. नंतरचे तीन रविवारही तेच. आमची टिटवी, जी दात घासतानाही बोलायची, ती आता विचारलेल्याला उत्तर देते आणि थांबते. तिच्या बाईंनी वहीत लिहून पाठवलं, वर्गात हात वर करत नाही, घरी काही झालं आहे का. मी खाली सही केली आणि वही परत पाठवली. यांना विचारलं तर म्हणाले, "अगं कार्टून आहे ते, विसरेल."

गेल्या शनिवारी अर्धी शाळा होती. मी दुकानाच्या मागच्या खोलीत भिंगाच्या कडा घासत होते, तेवढ्यात बाहेरून तिचा आवाज आला. वीस मिनिटांचा रस्ता एकटी चालत आली होती. दुकानाच्या मालकांना आम्ही सगळे काका म्हणतो. चाळीस वर्षं भिंगं घासून त्यांची मान कायमची वाकली आहे. त्यांच्यासमोर काउंटरवर तिने दप्तरातून डिस्क काढून ठेवली होती.

"काका, ही रेघ आपोआप पडते का?"

काकांना काय ठाऊक. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, दिव्याखाली डिस्क फिरवली आणि कौतुकाने म्हणाले, "हाताळून पडलेल्या रेघा आडव्यातिडव्या असतात, बाळ. ही बघ, मधलं भोक केंद्र धरून गोलाईत आहे. कुणीतरी मुद्दाम काढलीय. आणि ज्याने काढली त्याचा हात पक्का होता."

"आईचा हात पक्का आहे," टिटवी म्हणाली.

मी दारात उभी होते. काकांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांना काहीतरी चुकल्याचं कळलं. म्हणाले, "घासून बघता येईल हं. पण एकदाच. जमलं तर जमलं, नाहीतर डिस्कच हातची जाईल."

"नको," असं म्हणून तिने ती दप्तरात ठेवली.

मी काकांना सांगून तिच्याबरोबर निघाले. तुमचं पत्र पर्समध्ये होतं. त्यात तुम्ही लिहिलं आहे, मीच सांगेन. तुमच्या वाटणीचं मी आपणहून काही सांगितलं नाही, शपथेवर. पण माझ्या वाटणीचं सांगायला हवं होतं. नाहीतर तिच्या डोळ्यांत खोटारड्या एकट्या तुम्हीच ठरत होतात, आणि मी शेजारी चालणारी भली बाई. रस्त्याच्या कडेला एक सायकल दुरुस्तीवाला चाकात हवा भरत होता, तिथे मी थांबले आणि सांगितलं. प्लेअर बिघडला नव्हता. ती फिल्म मी आधी बघितली होती. मग तुला लावून दिली.

ती म्हणाली, "तुला माहीत होतं?"

"हो."

"आईला पण माहीत होतं."

"हो."

"म्हणजे मलाच माहीत नव्हतं."

ती रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूने चालायला लागली. मी अलीकडून. अशा आम्ही घरापर्यंत आलो. चौकात गाड्या जाईपर्यंत ती थांबली, मीही थांबले, पण अलीकडेच.

जिन्यात तिने विचारलं, "शेवटी ती वळून बघते का?"

मला सांगता आलं नाही. बुधवारी मी अर्ध्यात बंद केली होती. आणि त्या शनिवारी मी टीव्हीकडे बघतच नव्हते. मी टिटवीच्या तोंडाकडे बघत होते. तेही मी तिला सांगितलं. तिने मान खाली घातली.

वर आल्यावर मी स्ट्रीमिंग लावलं, म्हटलं आत्ता बघून तुला सांगते. फिल्म नव्हती. नाव टाकलं, पुन्हा टाकलं, 'सध्या उपलब्ध नाही' एवढंच येत होतं. हजारो कार्टून आहेत आणि ते एक काढून टाकलंय. यांनी सगळीकडे शोधलं, कुठे नाही. आता राहिली ती ही एकच डिस्क, आणि नेमकी ती चार मिनिटं तिच्यावर नाहीत. शेवटपर्यंत ती बघितलेल्या तुम्ही एकट्याच.

मी टिटवीला म्हटलं, उद्या रविवार आहे, आईला फोनवर विचार.

"फोनवर नको," म्हणाली. "फोनवर ती काहीही सांगेल."

यांनाही त्याच दिवशी सगळं सांगितलं, तुमचं पत्र सोडून. म्हणाले, "मला तुम्हा दोघींची भीती वाटते." आणि उठून न सांगता प्लेअर कपाटावरून खाली काढला, पुसला आणि जोडून दिला. टिटवीने त्याला अजून हात लावलेला नाही.

त्या दिवसापासून घरात तिघं तीन खोल्यांत आहोत असं वाटतं, खोल्या दोनच असूनही. ती जेवते, शाळेत जाते. काल दप्तर भरताना शाळेतलं काहीतरी सांगायला तोंड उघडलं, समोर मी आहे हे लक्षात आलं आणि मिटलं. मी भांडं घासत राहिले.

तुम्ही माझ्यावर विश्वास टाकून आपलं गुपित लिहिलंत, आणि ते टपालात होतं तेव्हा इथे सगळं होऊन गेलं होतं. त्याची माफी मागायला मला शब्द नाहीत. मागितली तरी तुम्ही देऊ नये.

पण तुम्ही या. खांब दोन महिने उशिरा उभा राहिला तर पूल पडत नाही, असं माझं अडाणी मत आहे. चार दिवसांची रजा मिळाली तरी पुरे. ती कितीही लहान असली तरी आता थांबण्यात अर्थ नाही, तिला अर्धं कळलं आहे आणि उरलेलं अर्धं ती मनाने भरते आहे. ती तुमच्याशी भांडेल, कदाचित बोलणारही नाही. तरी समोर बसा. पाणमांजर वळून बघते की नाही ते जे असेल ते सांगा. बघत नसेल तर बघत नाही म्हणून सांगा. घर खणायची नवीन गोष्ट करू नका, तिला आता ती ओळखता येते.

तुम्ही याल तेव्हा मी बहिणीकडे वगैरे निघून जाणार नाही. आधी तसं ठरवलं होतं, तुम्हा दोघींना मोकळेपणा मिळावा म्हणून. मग लक्षात आलं, तो बहाणा आहे. मी घरीच असेन. माझ्याशी जे बोलायचं असेल ते तिच्यासमोर बोला. तिने ते ऐकायला हवं, आणि मीही.

गाडी कितीला पोचते ते कळवा. स्टँडवर आम्ही दोघी येऊ. ती नाही म्हणाली तर मी एकटी येईन.

तुमच्या मुलीची मावशी. हे नाव तिने माझ्याकडून अजून काढून घेतलेलं नाही.